सुई टोचल्यावर अर्धा तास

४ मार्च

छटाक,

काल जावईबापूंचा फोन आला. तुला साखर निघाली म्हणाले, तीनशेच्या वर. पुढचं मी नीट ऐकलं नाही, कारण तेवढ्यात दूध उतू गेलं. ओटा पुसून होईपर्यंत फोन कानालाच होता, ते बिचारे बोलत होते आणि मी हो हो म्हणत होतो. वाईट वाटलं का, असं कुणी विचारलं तर मला सांगता येणार नाही. गेलं वर्षभर मला कशाचंच फार काही वाटत नाही. झोप लागते, जाग येते, दात घासतो.

तू माझा फोन उचलत नाहीस म्हणून लिहितोय. पत्र न वाचता कपाटात टाकलंस तर निदान मला कळणार नाही.

पहिली गोष्ट, घाबरून जेवण सोडू नकोस. साखर निघाली की माणूस आधी जेवणावरच राग काढतो. भात चालतो, ब्रेडही चालतो, पांढऱ्यापेक्षा कोंड्याचा बरा. फळ चालतं, पण चावून खायचं. रस काढून प्यायचा नाही, कारण एका ग्लासात चार संत्री जातात आणि चार संत्री आपण एका बैठकीला खात नाही. हे माझं डोकं नव्हे, दवाखान्यातल्या आहाराच्या सिस्टरांचं आहे. मलाही सात महिन्यांपूर्वी साखर निघाली. तुला कळवलं नव्हतं. कळवून काय करणार होतीस?

मला गोळ्या आहेत, दोन. तुला इन्सुलिनची सुई देणार आहेत असं जावईबापू म्हणाले. आईला होती तशीच.

आईचं म्हणशील, तर ती गेली त्या संध्याकाळी तू खोलीत आलीस आणि पलंगावर सांडलेली साखर बघितलीस. तिच्या हनुवटीवर होती, गळ्याच्या वळीत होती. तू म्हणालीस, ‘बाबा, तुम्ही तिला साखर चारलीत. लाड करून मारलंत तिला.’ तू पिशवी उचलून गेलीस, त्याला चौदा महिने झाले. त्यावर मी आजही बोलत नाही. हे पत्र फक्त जेवणाबद्दल आहे.

रोज जेवल्यावर पंधरा मिनिटं चाल. घरातल्या घरात चाललं तरी होतं.

बाबा


१३ मार्च

छटाक,

तू पत्र उभ्या उभ्या वाचलंस आणि चमच्यांच्या खणात ठेवलंस, असं जावईबापूंनी सांगितलं. चमच्यांच्या का, ते त्यांनाही कळलं नाही. असो. फाडलं नाहीस.

आज ताटाबद्दल लिहितो. आमच्या दवाखान्यात दर गुरुवारी वर्ग असतो. तळमजल्यावर एक लांबट खोली, बारा खुर्च्या, त्यातल्या दोन डुगडुगत्या. टेबलावर प्लॅस्टिकचं जेवण मांडलेलं असतं. प्लॅस्टिकचा भात, प्लॅस्टिकचा मासा, अर्धं कापलेलं प्लॅस्टिकचं सफरचंद. पहिल्या दिवशी मी तो मासा हातात घेऊन तोलला. सिस्टर म्हणाल्या, ‘आजोबा, खायचा नाहीये तो.’ मी म्हटलं, ‘बाई, बत्तीस वर्षं वजनमापं तपासण्याची नोकरी केली. समोर आलेली वस्तू तोलून बघायची खोड आहे.’ सगळे हसले. मीही हसलो असेन.

तर ताट असं. अर्ध्या भागात भाज्या: कोबी, फरसबी, दुधी, पालेभाजी, काकडी, टोमॅटो. बटाटा भाजीत धरायचा नाही, तो भाताच्या पंगतीतला. पाव भागात डाळ, अंडं, मासा, चणे, यातलं काहीही. उरलेल्या पाव भागात भात किंवा ब्रेड. भात किती, तर आपल्या मुठीएवढा. मी हात वर करून विचारलं, ‘मूठ हे काय माप आहे? कुणाची मूठ?’ सिस्टर म्हणाल्या, ‘ज्याची त्याची. लहान माणसाची मूठ लहान असते आणि त्याला भातही कमीच लागतो.’ माझ्या उभ्या जन्मात मी कुणाला असलं माप चालवून घेतलं नसतं. पण गेले सात महिने मी मुठीनेच वाढून घेतो आणि माझी साखर उतरली आहे.

आईच्या वेळी मी तोलून वाढत होतो, ते तुला माहीत आहे. ऑफिसातून निवृत्तीच्या दिवशी मिळालेला पितळी तराजू ओट्यावर असायचा. भात एकशेवीस ग्रॅम, डाळ नव्वद. तुझी आई म्हणायची, ‘मी काय सोनं आहे का? लोक सोनंसुद्धा एवढं तोलत नाहीत.’ शेजारणीला सांगायची, ‘आमच्याकडे आधी भाताचं लग्न लागतं, मग जेवण.’ मला तेव्हा राग यायचा. मी तिच्या भल्यासाठीच करत होतो आणि ती माझीच टर उडवायची. तिला चोरून बिस्किटं खायची सवय होती, हेही तुला माहीत आहे. पकडली की चक्कर आल्याचं सोंग करायची. पदर कपाळावर घेऊन अशी काही झोकांडी खायची की नाटकवाल्यांनी घेऊन जावं.

तुझी सुई सुरू झाली ना? मग एक गोष्ट पाळ. आधी ताट वाढून समोर ठेवायचं, मग सुई घ्यायची. सुई घेऊन मग स्वयंपाकाला लागायचं नाही, कुणाची वाट बघायची नाही, एवढा फोन घेते आणि जेवते असं म्हणायचं नाही. टोचल्यावर अर्ध्या तासाच्या आत पोटात अन्न गेलं पाहिजे. ते तोललेलं नसलं तरी चालेल.

वरच्या ओळी पुन्हा वाच.

बाबा


२६ मार्च

छटाक,

जावईबापूंचा परवा फोन आला होता. आवाज दबका होता. तू आंघोळीला गेली होतीस म्हणे, तेवढ्यात केला. तू घरातली साखर, गूळ, मध, जॅम, सगळं पिशवीत भरून खाली टाकून आलीस. त्यांच्या चहाची साखरसुद्धा. फळंही टाकलीस. सकाळी उकडलेलं अंडं, दुपारी काकडी, रात्री सूप आणि पुन्हा काकडी. तीन आठवड्यांत पाच किलो उतरलीस. ते म्हणाले, ‘बाबा, घरात बोलायची सोय नाही. म्हणते, माझ्या आईला साखरेनं नेलं, मला न्यायची नाही.’

छटाक, अति तिथं माती. सुई अन्नाच्या हिशेबाने दिलेली असते. तू अन्न काढून घेतलंस तर सुई कशाला लागणार? तुझ्या रक्तात जी थोडीफार साखर आहे तिलाच. डॉक्टरांना सांग की मी एवढंच खाते, म्हणजे ते सुई कमी करतील. नाहीतर नीट जेव. भाताची मूठ ताटात परत आण. दुपारच्या मधल्या वेळेला मूठभर भाजलेले चणे, नाहीतर एक सफरचंद, नाहीतर वाटीभर दही. आणि पर्समध्ये साखरेच्या पुड्या ठेव. चार ठेव. का म्हणून विचारू नकोस.

गेल्या गुरुवारी वर्गात एक प्रकार झाला. सिस्टरांनी विचारलं, ‘साखर वाढते ते सगळ्यांना माहीत आहे. पण एकदम खाली गेली तर काय होतं, कुणी बघितलंय?’ कुणी हात वर केला नाही. मग त्या सांगायला लागल्या. घाम येतो, हात थरथरतात, भूक खवळते, माणूस चिडतो, काहीच्या बाही बोलतो, दारू प्यायल्यासारखा वाटतो. जवळच्यांना वाटतं, नाटक करतोय. मी उठून बाहेर आलो. व्हरांड्यात बाक आहे, त्याच्यावर बसलो. समोर वजन करायचं यंत्र होतं. एक बाई चप्पल काढून त्याच्यावर चढली, उतरली, पुन्हा चप्पल घालून चढली. मी तिच्याकडे बघत बसलो. वर्ग सुटल्यावर सिस्टर आल्या आणि विचारलं, ‘आजोबा, बरं वाटत नाहीये का?’ मी म्हटलं, ‘बाई, बैल गेला नि झोपा केला, त्यातली गत.’ त्यांना काही कळलं नाही. त्यांनी माझी साखर मोजली. एकशेदहा होती.

तुला हे सगळं सिस्टरांनी तिकडे सांगितलंच असेल. त्यांचं ऐक. माझं ऐकू नकोस, पण त्यांचं ऐक.

बाबा


५ एप्रिल

छटाक,

काल दुपारी तू चष्म्याच्या दुकानात गिऱ्हाइकाचे डोळे तपासत असताना तुझे हात थरथरायला लागले. तुला घाम फुटला. बरोबरच्या बाईने फळांच्या रसाचा ग्लास आणला आणि तू तो हाताने उडवून दिलास. ‘मला मारायचंय का?’ असं म्हणालीस आणि काउंटरच्या मागे खाली बसलीस. तिघांनी उचलून रिक्षात घातलं. दवाखान्यात शिरेतून साखर दिली तेव्हा तू ताळ्यावर आलीस. नेलं तेव्हा साखर चव्वेचाळीस होती.

हे जावईबापूंनी आज सकाळी सांगितलं. मी त्यांना फोनवरच सांगितलं की पुन्हा असं झालं तर तिचं काही ऐकू नका, साखर द्या. ते म्हणाले, ‘बाबा, ती तोंड उघडत नाही. दात दाबून धरते. डॉक्टरांचंही ऐकत नाही. म्हणते, डॉक्टरांनी माझ्या आईचा पलंग बघितला नव्हता, मी बघितलाय.’

आता मला लिहिलंच पाहिजे. मी चौदा महिने तोंडाला कुलूप घालून बसलो. तू मला लाड करणारा, ढिला, बायकोच्या हट्टापुढे मान तुकवणारा म्हातारा समजलीस, आणि ते मला बरं वाटलं. खरं त्याहून वाईट होतं, म्हणून बरं वाटलं. त्या खोट्याने तुझा जीव जाईल हे माझ्या डोक्यातही आलं नाही. माझं डोकं कधीच वेळेवर चालत नाही.

त्या दिवशी तिने साडेबाराला सुई घेतली. मी भात तोलायला घेतला. एकशेवीसच्या वजनांना काटा मध्यावर होता, पण पारड्यातला भात मला डोळ्यांना जास्त वाटला. इतक्या वर्षांची नजर. मी दोन्ही पारडी रिकामी करून बघितली, तर तराजू चार ग्रॅमने खोटा निघाला. एका बाजूच्या साखळीची कडी वाकली होती. मी पक्कड आणली आणि ओट्यापाशी स्टूल घेऊन बसलो. ताट तिथेच होतं. डाळ होती, भाजी होती, भात पातेल्यात होता. तिला हाताने वाढून दिलं असतं तर काही बिघडलं नसतं. चार ग्रॅम भात म्हणजे किती ते तुला सांगू? चमच्याच्या टोकाला चिकटून राहतो तेवढा.

ती एकदा आली, म्हणाली, ‘अहो, भूक लागलीये, वाढा ना.’ मी म्हटलं, ‘थांब, होतंय.’ पाच-दहा मिनिटांनी परत आली. ‘काय ते नंतर दुरुस्त करा, मला खूप भूक लागलीये.’ मी म्हटलं, ‘खोट्या मापाने वाढून मी तुला आजारी पाडणार नाही.’ हे मी अगदी याच शब्दांत म्हणालो. मग ती साखरेच्या डब्याकडे गेली. मी उठून डबा वरच्या फळीवर ठेवला. तिचा हात पोचत नाही तिथे.

तिला घाम आला होता. पदराने तोंड पुसत होती. मग ती हसायला लागली आणि मला म्हणाली, ‘मास्तर, मी नाही बोलले, ती बोलली.’ मला वाटलं, आलं नाटक. बिस्किटांच्या वेळचं सोंग. मी म्हटलं, ‘मास्तर ओळखून आहेत तुला.’ आणि मी कडी दाबायला घेतली. ती भिंत धरत धरत खोलीत गेली. मी म्हटलं, रुसली.

पुन्हा एकदा हाक मारली तिने. काय म्हणाली ते कळलं नाही. मी ‘आलो’ म्हणालो आणि गेलो नाही.

दोन वाजून वीस मिनिटांनी तराजू बरोबर झाला. मला बरं वाटलं, छटाक. हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. मी एकशेवीस ग्रॅम भात बरोबर तोलला, ताट वाढलं आणि खोलीत घेऊन गेलो. म्हटलं, ‘उठ, राणीसरकार, आलं ताट.’ ती भिजली होती. उशी भिजली होती. डोळे अर्धे उघडे होते. मी ताट खाली ठेवलं, धावत जाऊन साखरेचा डबा काढला आणि तिच्या तोंडात मुठीमुठीने साखर कोंबली. ती गिळत नव्हती. शुद्धीवर नसलेल्या माणसाच्या तोंडात काहीही घालायचं नसतं, श्वास अडकतो, हे मला गुरुवारच्या वर्गात कळलं. तेव्हा नुसतं कुशीवर वळवून दवाखान्याची गाडी बोलवायची असते. मी गाडी नंतर बोलावली. साखरेनंतर.

गाडीतले डॉक्टर आले तेव्हा ती गेलेली होती. तरी त्यांनी बोटातून रक्त काढलं. मीटरवर आकडाच आला नाही, इतकी खाली. त्यांनी विचारलं, ‘सुई कधी घेतली? शेवटचं कधी जेवल्या?’ मी दोन्ही वेळा सांगितल्या. त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि दाखल्यावर हृदय बंद पडलं असं लिहिलं. तेही खरंच होतं. तिचं हृदय आधीच कच्चं होतं. त्यांनी माझ्यावर दया केली असेल, किंवा त्यांना पुढच्या घरी जायचं असेल.

तू आईसाठी फ्रीजवर लावलेली नियमांची यादी तिथेच होती. तिच्यात पहिली ओळ होती, सुई झाली की अर्ध्या तासात जेवण. ती मी मोडली. खाली लिहिलं होतं, कितीही मागितलं तरी गोड नाही. ती पाळली. यादीत काही चूक नव्हती. मी नेमकं उलटं केलं.

म्हणजे तू पलंगावर जी साखर बघितलीस, तिने आई गेली नाही. ती साखर सुईनंतर दोन तासांनी आली. ती दीड वाजता दिली असती तर आई आज असती आणि माझी टर उडवत असती. तिला मी मारलं. साखरेने नाही.

मला माफ कर असं मी लिहिणार नाही. मला माफी मिळाली तर तिचं मी काय करू? मला एवढंच हवंय की तू हे पाठ कर. हात थरथरले, घाम आला, भूक खवळली, उगाच राग आला, की मोजत बसायचं नाही. आधी साखर. चार लहान चमचे, पाण्यात ढवळून, किंवा अर्धा ग्लास रस. पंधरा मिनिटं बसायचं, मग मोजायचं. सत्तरच्या खाली असेल तर पुन्हा तेवढीच. वर आली की जेवायचं. एरवी साखर सोड, खुशाल सोड, पण त्या वेळी ते औषध आहे. जावईबापूंना आणि दुकानातल्या बाईला हे सांगून ठेव.

माझ्याशी बोलू नकोस. माझं नाव टाकून दे. पण साखर घे.

बाबा


१९ एप्रिल

बाबा,

पत्र मिळालं. यांनी आधी वाचलं, मग मला दिलं.

डॉक्टरांकडे जाऊन आले. त्यांनी सुई कमी केली आणि भात, ब्रेड, फळं परत सुरू करायला सांगितली. करते आहे.

काल दुपारी दुकानात पुन्हा हात थरथरले. चार चमचे साखर पाण्यातून घेतली. पंधरा मिनिटं बसले. शहाण्णव झाली. मग जेवले.

तुम्ही सध्या पत्र पाठवू नका. तुमचे आकडे यांना फोनवर सांगत जा, ते मला सांगतील.

त्या पंधरा मिनिटांत काय होतं ते मला आधी माहीत नव्हतं. समोर बसलेलं माणूस कोण आहे ते कळत नाही. फक्त भूक कळते. एवढी भूक मला आयुष्यात कधी लागली नव्हती.